सर आर्थर पिअर्सन आणि त्यांची अंध सैनिकांची शाळा

पहिल्या महायुद्धाचे प्रकरण आपण सर्वांनीच परीक्षेसाठी वाचलेले असते. साराजेव्होचा खून, मार्नची लढाई, व्हर्सायचा तह, मृतांचे आणि जखमींचे आकडे. जखमींचा आकडा पाठ करून आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मला मात्र तो आकडा नेहमी अडवून धरतो. या जखमी माणसांचे पुढे झाले काय? विशीतला एखादा शेतमजूर किंवा खाणकामगार, शिक्षण बेताचे, आणि तोफगोळ्याच्या एका कपचीने दोन्ही डोळे गेलेले. आयुष्याची पुढची चाळीस-पन्नास वर्षे त्याने काढली तरी कशी? या प्रश्नाच्या मागे लागलो असताना मला सर आर्थर पिअर्सन हे नाव भेटले. एके काळी हे नाव इंग्लंडात घरोघर ठाऊक होते. आपल्याकडे ते फारसे कुणी घेत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

पिअर्सन यांचा जन्म २४ फेब्रुवारी १८६६ रोजी सॉमरसेट परगण्यातील वुकी या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक. शिक्षण विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेत. पुढे मात्र विद्यापीठाची वाट न धरता या मुलाने निराळाच मार्ग पत्करला. जॉर्ज न्यून्स यांचे ‘टिट-बिट्स’ हे चुटके, माहिती आणि गमतीजमतींचे साप्ताहिक त्या काळी फार खपत असे. १८८४ साली त्या साप्ताहिकाने एक प्रश्नस्पर्धा लावली आणि बक्षीस काय ठेवले, तर आपल्याच कचेरीतली कारकुनाची नोकरी! अठरा वर्षांचा आर्थर उत्तरे शोधण्यासाठी सायकलवर टांग मारून बेडफर्डच्या वाचनालयात जाई. स्पर्धा त्याने जिंकली आणि वर्षभरातच तो न्यून्स यांचा उजवा हात होऊन बसला.

१८९० साली त्यांनी स्वतःचे ‘पिअर्सन्स वीकली’ काढले. पहिल्याच अंकाचा खप अडीच लाखांच्या घरात गेला. मग मासिके आली, पुस्तके आली. एच. जी. वेल्स यांची मंगळावरच्या स्वारीची जगप्रसिद्ध कादंबरी १८९७ साली प्रथम क्रमशः छापली ती ‘पिअर्सन्स मॅगझिन’ने. बेडन-पॉवेल यांचे बालवीरांविषयीचे मूळ पुस्तक १९०८ मध्ये प्रसिद्ध केले तेही याच गृहस्थांनी. १९०० साली त्यांनी ‘डेली एक्स्प्रेस’ हे दैनिक सुरू केले आणि पहिल्या पानावर बातम्या छापल्या. आज यात कुणाला नवल वाटणार नाही, पण त्या वेळी बहुतेक मोठी पत्रे पहिले पान जाहिरातींना देत असत.

हे सारे वाचून पिअर्सन हे थोर संपादक होते असे कुणाला वाटले तर तसे मला म्हणवत नाही. त्यांची पत्रे उथळ होती, स्पर्धा आणि बक्षिसे यांच्या आमिषावर वाढलेली होती. १९०४ साली त्यांनी ‘स्टँडर्ड’ हे जुने, वजनदार दैनिक विकत घेतले. ते काही त्यांना पेलले नाही. विचारवंताचा पिंडच नव्हता तो. पण सामान्य माणसाचे लक्ष कशाने वेधते आणि त्याचा हात खिशाकडे कसा वळवावा, ही विद्या त्यांच्याइतकी क्वचितच कुणाला साधली असेल. १८९२ साली त्यांनी शहरांतल्या गरीब मुलांसाठी निधी उघडला. हिशेब अगदी साधा होता: नऊ पेन्स द्या, एक मूल दिवसभर खेड्यातल्या मोकळ्या हवेत जाऊन येईल. भूतदयेवर लांबलचक प्रवचन नाही. नऊ पेन्स आणि एक मूल. पैसा धो धो आला. ही हातोटी लक्षात ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या कामाचा पाया तीच आहे.

आणि मग डोळे गेले. काचबिंदू हळूहळू, चोरपावलांनी येणारा रोग. १९०८ साली शस्त्रक्रिया झाली, तिचा उपयोग झाला नाही. ज्याचे सारे आयुष्य छापील अक्षरावर उभे, त्याला अक्षर दिसेनासे झाले. १९१० साली ‘स्टँडर्ड’ गेले, त्यानंतर ‘एक्स्प्रेस’वरचाही हक्क सोडला. पन्नाशीही गाठली नव्हती आणि दृष्टी पूर्ण गेली.

त्या काळच्या इंग्लंडात अंध माणसाच्या वाट्याला काय येई? श्रीमंत असेल तर आरामखुर्ची आणि हाताला धरून नेणारा नोकर. गरीब असेल तर टोपल्या विणण्याचा एखादा कारखाना, रस्त्याच्या कडेला वाजवायची पेटी किंवा अनाथगृह. पिअर्सन यांच्याकडे पैसा होता, खुर्ची परवडत होती. त्यांनी ती नाकारली. घरात एकट्याने वावरणे, कपडे घालणे, जेवणे, पत्रे सांगून लिहून घेणे, हे सारे त्यांनी एखादी कला शिकावी तसे नव्याने शिकून घेतले. त्याच सुमारास अंधांच्या राष्ट्रीय संस्थेची सूत्रे त्यांच्याकडे आली. आठ वर्षांच्या आत त्यांनी त्या संस्थेचे वार्षिक उत्पन्न सुमारे पाच हजार पौंडांवरून साडेतीन लाखांच्या वर नेले. वर्तमानपत्रवाला आंधळा झाला होता, पण वर्तमानपत्रवालाच राहिला होता.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. हे युद्ध खंदकांचे. खंदकात सारे शरीर मातीच्या आड असते. बाहेर डोकावते ते डोके. पोलादी शिरस्त्राण ब्रिटिश सैनिकांना मिळू लागले ते १९१५ च्या अखेरीस, आणि ते मिळाल्यावरही चेहरा उघडाच राहिला. गोळी एका कानशिलातून शिरून दुसरीकडून निघे आणि दोन्ही डोळे घेऊन जाई. हातबॉम्ब तोंडासमोर फुटत, गोळ्यांचे कपचे उडत. १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या आघाडीवर विषारी वायू आला, १९१७ मध्ये मस्टर्ड वायू. वायूने आंधळे झालेले बहुतेक सैनिक काही दिवसांनी पुन्हा पाहू लागत. पण मस्टर्ड वायूचा डाव फार लांबवरचा होता. कित्येकांच्या बुबुळांवर वीस-वीस वर्षांनी त्याचा परिणाम उमटला आणि युद्ध विसरून संसाराला लागलेली माणसे मध्येच अंध झाली.

अशा सैनिकाला सरकारने पेन्शन बांधून द्यावी आणि घरी पाठवावे, ही सर्वसाधारण रीत. पिअर्सन यांचे म्हणणे नेमके याच्या उलट होते. बरा झालेला अंध सैनिक सरळ घरी गेला की तो कायमचा बुडाला. घरात आई असते, बायको असते. त्यांच्या मायेला सीमा नसते आणि ती मायाच घात करते. त्या त्याला चुलीजवळच्या खुर्चीत बसवतात, घास भरवतात, बुटाचे बंद बांधतात. सहा महिन्यांत त्याला हात-पाय आहेत याचा त्यालाच विसर पडतो. तेव्हा घरी जाण्यापूर्वी, इस्पितळाच्या खाटेवर असतानाच त्याला गाठले पाहिजे. आणि गाठणारा माणूस शक्यतो स्वतः अंध असला पाहिजे.

या मुद्द्यावर मी थोडा थांबतो, कारण ही गोष्ट मी जवळून पाहिली आहे. आमच्या वर्गातल्या एका अंध मित्राला मी वर्षभर पुस्तके वाचून दाखवली. त्याच्याबरोबर बँकेत गेलो की समोरचा माणूस प्रश्न विचारतो तो मला: यांचे खाते कोणते, यांना सही येते का? मित्र शेजारीच उभा असतो, त्याचे कान शाबूत असतात आणि अर्थशास्त्रात त्याला माझ्यापेक्षा जास्त गुण असतात. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. शंभर वर्षांपूर्वी पिअर्सन ज्या गोष्टीशी झगडत होते ती हीच, इतकेच मला सांगायचे आहे.

जानेवारी १९१५ मध्ये अंध सैनिक आणि खलाशी यांच्यासाठी समिती स्थापन झाली. फेब्रुवारीत लंडनच्या बेझवॉटर भागातल्या एका घरात मोजक्या सैनिकांना घेऊन काम सुरू झाले. जागा लगेच अपुरी पडू लागली. तेवढ्यात ऑटो कान नावाच्या अमेरिकन सावकाराने रीजंट्स पार्कमधला आपला विस्तीर्ण बागेचा बंगला देऊ केला आणि मार्चअखेर मंडळी तिकडे गेली. बंगल्याचे नाव सेंट डन्स्टन्स. या नावामागे एक गंमत आहे. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील सेंट डन्स्टन चर्चचे जुने प्रसिद्ध घड्याळ, ज्यात दोन राक्षसी पुतळे सोट्याने घंटा वाजवतात, ते एका उमरावाने विकत घेऊन या बंगल्यात आणून बसवले होते. त्यावरून बंगल्याला हे नाव पडले. पाहण्यासाठी आणलेले ते घड्याळ आता तास ऐकण्याच्या कामी आले.

घड्याळावरून आठवले. इस्पितळात नव्या अंध सैनिकाच्या हातात पहिली वस्तू दिली जाई ती खिशातले घड्याळ. त्याचे झाकण उघडता येई, काटे मजबूत असत आणि आकड्यांच्या जागी उठावाचे ठिपके असत. डोळ्यांवर पट्ट्या बांधून दिवसचे दिवस पडलेल्या माणसाला दिवस आणि रात्र यांचा हिशेब राहत नाही. कुणाला तरी सारखे विचारावे लागते. पाच मिनिटांत तो बोटांनी वेळ ओळखू लागे. आंधळेपणी शिकलेली ही त्याची पहिली विद्या, आणि तिच्यासाठी कुणाचे तोंड पाहावे लागत नसे. हा सगळा मनाचा खेळ पिअर्सन यांना बरोबर कळला होता. नऊ पेन्स आणि एक मूल, तसेच हे एक घड्याळ.

बंगल्यातली व्यवस्था पाहण्यासारखी होती. जमिनीवर ठरावीक मार्गाने जाजमाच्या पट्ट्या घातलेल्या असत. पायाखाली जाजम आहे तोवर वाट मोकळी आहे असे समजावे आणि बिनधास्त चालावे. वाटेत खुर्ची सोडणे हा तिथे मोठा अपराध. एकमेकांना धरून चालणे पसंत केले जात नसे. शिकवणारांपैकी बरेच जण स्वतः अंध होते. विद्यार्थी कंटाळून, हे आंधळ्याला कसे जमेल, असे म्हणाला तर समोरचा गुरू स्वतःच आंधळा निघे आणि वाद तिथेच मिटे.

ब्रेल सर्वांनाच शिकवीत. खाणीत कुदळ मारून राठ झालेल्या बोटांना ते बारीक ठिपके कळणे सोपे नव्हते, पण तरीही शिकवीत. त्याबरोबर टंकलेखन असे. ब्रेल ही स्वतः वाचण्याची सोय. पण घरच्या डोळस माणसांना पत्र लिहायचे तर टंकलेखन हवे. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्याला घरी जाताना यंत्र भेट मिळे. धंद्यांमध्ये चटया आणि टोपल्या विणणे, बूट दुरुस्ती, सुतारकाम, कुक्कुटपालन, लघुलेखन, टेलिफोनचे काम आणि मसाज असे प्रकार होते. मसाज शिकणाऱ्यांना डोळसांबरोबरच शरीरशास्त्राची परीक्षा द्यावी लागे. उत्तीर्ण झालेले लष्करी इस्पितळांत नोकरीला लागत आणि जखमी सैनिकांचे आखडलेले सांधे मोकळे करीत. जखमी माणूसच जखमी माणसाला बरा करू लागला. कोंबड्या पाळण्याचे काम एकट्याचे नसते. म्हणून त्या विद्यार्थ्याच्या बायकोला किंवा बहिणीलाही तो धंदा शिकवण्याची सोय होती. ज्याचा आधीचा धंदा चालू ठेवता येण्याजोगा असेल, त्याला शक्यतो तोच पुढे न्यायला लावीत.

शिकण्याचे तास मुद्दाम कमी ठेवलेले होते. डोळे नसताना शिकणे हे मेंदूला विलक्षण थकवणारे काम आहे, हे पिअर्सन स्वानुभवाने जाणत होते. उरलेला वेळ खेळांचा. रीजंट्स पार्कच्या तळ्यात हे लोक नावा वल्हवीत. नाव वल्हवणाऱ्याला नाहीतरी पुढे पाहायचे नसतेच, त्याची पाठ दिशेकडे असते; सुकाणूवर एक डोळस माणूस असला म्हणजे झाले. रस्सीखेच, पोहणे, नाचगाणी हेही असे. सेवेला आलेल्या मुलींपैकी काहींनी याच विद्यार्थ्यांशी लग्ने केली. हा भाग मात्र नियमावलीत नव्हता.

तरीही या कामाचे खरे मोल शाळेत नसून शाळा सुटल्यानंतरच्या व्यवस्थेत आहे, असे मला वाटते. बूट दुरुस्त करायला शिकलेला अंध माणूस गावी जातो. चामडे घेताना त्याला कुणी फसवले तर? माल वाईट उतरला तर? गिऱ्हाईक दयेपोटी चार दिवस आले आणि मग फिरकलेच नाही तर? सेंट डन्स्टन्सने यासाठी वेगळे खातेच उघडले. कच्चा माल संस्था पुरवी, तयार माल तपासला जाई, न खपलेला माल संस्था स्वतः विकण्याची व्यवस्था करी. फिरते निरीक्षक घरोघर जात. कुठे हात बिघडत चालला आहे असे दिसले तर पुन्हा शिकवीत. ही देखभाल काही वर्षांपुरती नव्हती, जन्मभराची होती. युद्ध संपेपर्यंत सुमारे दीड हजार अंध सैनिकांची जबाबदारी या संस्थेने उचलली होती. शिकवून सोडून देणाऱ्या संस्था पुष्कळ असतात. चटई विकली जाते की नाही हे वर्षानुवर्षे पाहत राहणे हे रुक्ष, हिशेबी काम आहे, आणि ते एका धंदेवाल्या माणसालाच सुचले.

पिअर्सन यांना १९१६ साली बॅरोनेट ही पदवी मिळाली. १९१९ साली त्यांनी आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिले. अंधत्वावरील विजय असाच त्याच्या नावाचा अर्थ. या विजयाच्या भाषेविषयी मात्र मला थोडी शंका घ्यावीशी वाटते. पिअर्सन यांना रडका चेहरा खपत नसे. त्यांच्या घरात सदैव आनंदी असण्याचा जणू नियमच होता. पण डोळ्यांबरोबर दोन्ही हात गमावलेले सैनिक होते. त्यांनी ब्रेल कशाने वाचावे? डोक्याला मार लागून रात्र रात्र झोप न येणारे होते. मूक दुःखालाही थोडी जागा लागते. ती तिथे होती की नाही, हे उत्साहाने भरलेल्या अहवालांवरून कळत नाही.

दुसरी गोष्ट. सैनिकाच्या डोळ्यांसाठी लोकांनी थैल्या मोकळ्या केल्या. पण देवीने, कारखान्यातल्या अपघाताने किंवा जन्मतःच अंध असलेल्या मजुराचे काय? त्याच्याजवळ रणांगणाची कहाणी नव्हती. १९२० च्या एप्रिलमध्ये अंध कामगारांच्या संघटनेचे लोक देशाच्या निरनिराळ्या भागांतून पायी लंडनला आले. भिक्षा नको, हक्क हवा, अशी त्यांची मागणी होती. त्याच वर्षी इंग्लंडात अंधांसाठी कायदा झाला. पिअर्सन यांच्या कामामुळे अंध माणूस धंदा करू शकतो हे जगाला पटले होते, याचा फायदा या लोकांनाही झाला असणार. पण कायदा मिळवायला त्यांना पायपीट करावी लागली, हेही सांगितले पाहिजे.

९ डिसेंबर १९२१ रोजी पिअर्सन आपल्या लंडनच्या घरी स्नानाला गेले. टबमध्ये पाय घसरला, डोके नळावर आपटले, शुद्ध हरपली आणि तोंड पाण्यात राहून त्यांचा अंत झाला. वय अवघे पंचावन्न. अंध माणसाने सारे काही एकट्याने करावे, असा आग्रह धरणाऱ्या माणसाला एकट्यानेच मृत्यू यावा, याला काय म्हणावे? घसरतो तो डोळसही, असे उत्तर त्यांनीच दिले असते असे मला वाटते. हॅम्पस्टेडच्या दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

त्यांच्या पश्चात संस्था बंद पडली नाही. सूत्रे हाती घेतली ती इयन फ्रेझर या चोवीस वर्षांच्या तरुणाने. सोमच्या लढाईत १९१६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी त्याचे डोळे गेले होते आणि तो या शाळेचाच विद्यार्थी होता. पुढे तो पार्लमेंटचा सभासद झाला, उमराव झाला आणि १९७४ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे, त्याने संस्थेचे अध्यक्षपद सांभाळले. २०१२ साली संस्थेने जुने नाव सोडून ‘ब्लाइंड व्हेटरन्स यूके’ असे नाव घेतले. रीजंट्स पार्कमधला तो बंगला आज नाही. त्याच्या जागेवर बांधलेला वाडा अमेरिकन राजदूताचे निवासस्थान झाला, आणि घंटा वाजवणारे ते दोन राक्षस १९३५ साली फ्लीट स्ट्रीटवर परत गेले.

आपल्या देशाशी असलेला धागा आणखी एका विद्यार्थ्याचा आहे. क्लुथा मॅकेंझी हा न्यूझीलंडचा घोडेस्वार. त्याचे वडील त्या देशाचे पंतप्रधान होऊन गेलेले. १९१५ च्या ऑगस्टमध्ये गॅलिपोलीच्या लढाईत, वयाच्या विसाव्या वर्षी तो अंध झाला आणि सेंट डन्स्टन्समध्ये शिकला. मायदेशी परतून त्याने ऑकलंडची अंधसंस्था अनेक वर्षे चालवली. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेश येथे लढलेल्या भारतीय सैनिकांपैकी अनेकांनी दृष्टी गमावली. पहिल्या युद्धाच्या वेळी आपल्याकडे अपंग सैनिकांसाठी एक संस्था निघाली होती. ती क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल, १९१७ साली मुंबईत स्थापन झालेली आणि पुढे पुण्याजवळ खडकीला गेलेली. अंध सैनिकांसाठी मात्र वेगळी सोय हवी होती. सर क्लुथा मॅकेंझी भारतात आले आणि १९४३ साली डेहराडूनला भारतीय अंध सैनिकांसाठी वसतिगृह सुरू झाले. त्यालाही सेंट डन्स्टन्स हेच नाव दिले गेले. अंध माणसाने अंध माणसाला शिकवण्याची ती रीत अशी हिमालयाच्या पायथ्याशी येऊन पोहोचली.

मॅकेंझी सैनिकांपाशी थांबले नाहीत. सबंध देशातील अंधत्वाच्या पाहणीत त्यांनी पुढाकार घेतला आणि १९४४ साली तो अहवाल बाहेर पडला. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, डेहराडूनलाच प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र उघडण्यात आले, आणि त्यात प्रवेश घेण्यासाठी सैनिक असण्याची अट नव्हती. तोवर आपल्याकडे निरनिराळ्या प्रांतांत ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती चालत होत्या. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही एक पद्धत मुक्रर झाली. त्याच वर्षी डेहराडूनला ब्रेलचा सरकारी छापखाना सुरू झाला. माझा मित्र मराठीसाठी बोटांखाली जे ठिपके वाचतो, ते त्याच भारती ब्रेलचे आहेत.